गोठवलेल्या वीर्यातून होणारं लेकरू: पुढच्या पिढीवर खरंच परिणाम होतो का?

आर्वीकर_मोठा

नमस्कार मंडळी. विषय घरचा आहे, पण घरात मोकळेपणी बोलता येत नाही म्हणून इथे काढतोय.

धाकट्या भावाला काही वर्षांपूर्वी मानेत गाठ आली. तपासणीत हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे एक प्रकारचा कॅन्सर, निघाला. नागपूरला उपचार झाले. केमो सुरू होण्याआधी डॉक्टरांनी विचारलं, "लग्न व्हायचंय ना? मग वीर्य गोठवून ठेवा." त्या गडबडीत आम्ही हो म्हटलं आणि ठेवलं. आता भाऊ ठणठणीत आहे, संत्र्याचा बगीचा तोच पाहतो, स्थळंही येताहेत. ही गोष्ट बाबांना, मला आणि त्यालाच माहीत होती. दिवाळीत आईला कळली, आईकडून मावशीला, म्हणजे गावाला कळल्यातच जमा. मावशीचं वाक्य: "बर्फातलं लेकरू कसं निघन, कोनाले ठाऊक."

भावाच्या डोक्यात तेच बसलंय. त्यात त्याने एक व्हिडिओ पाहिला. वीर्य गोठवलं की एपिजेनेटिक्स बिघडतं आणि त्याचा भोग पोरांनाच नाही तर नातवंडांनाही असतो, असं त्यात सांगितलंय. डॉक्टरांना विचारलं तर "काही होत नाही" म्हणाले आणि पुढच्या पेशंटला आत घेतलं. मला "काही होत नाही"च्या पुढचं ऐकायचं आहे. कुणाला माहिती असेल तर सांगा.

पऱ्हाटीवाला

भाऊ, राग नका मानू, डोयानं पाहिलेलं सांगतो. आमच्या गावात देशी गाई व्हत्या तवा ढोराचा डॉक्टर लसीपुरता येत जाये. कांडीच्या (म्हंजे नळीत गोठवलेल्या बीजाच्या) जर्सी आल्या अन् आता दर पंधरवड्याले कोन्या ना कोन्या गोठ्यात गोचीडताप. नाईतर कास सुजलेली. बर्फात ठेवलेल्या बीजात दम कुठून राहीन? ढोराचं असं, तर मानसाचं काय व्हईन?

कांडी_सेवक

पऱ्हाटीवाले भाऊ, माझी सगळी नोकरी गाई भरवण्यात, म्हणजे कृत्रिम रेतन करण्यात, गेली. पशुधन पर्यवेक्षक होतो, आता निवृत्त आहे. तेव्हा जरा लांबण लावतो.

जर्सीचा आजार कांडीच्या गारठ्यातून येत नाही, जर्सीच्या वंशातून येतो. तिच्या आज्या-पणज्या थंड मुलखातल्या. आपलं पंचेचाळीसचं ऊन आणि आपली गोचीड त्यांनी कधी पाहिली नाही. आता गवळाऊ घ्या, तुमच्या-माझ्या वर्धा जिल्ह्याची. हेटीकुंडीच्या प्रक्षेत्रावर ती जात जपतात. गवळाऊ वळूची गोठवलेली कांडी भरली तर वासरू गवळाऊसारखंच काटक निघतं. कांडी दोन्हीकडे उणे १९६ अंशांच्या नायट्रोजनमध्येच ठेवलेली असते. दोष गोठवण्याचा असता तर तो गवळाऊच्या वासरातही दिसायला हवा होता.

हे तंत्र काल-परवाचं नाही. १९४९ मध्ये इंग्लंडमध्ये पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स यांनी कोंबड्याच्या वीर्यात ग्लिसरॉल घालून ते गोठवलं, आणि वितळवल्यावर शुक्राणू पुन्हा हलू लागले. पुढच्या काही वर्षांत गाईचं वासरू झालं, १९५३ मध्ये अमेरिकेत बंज आणि शर्मन यांनी माणसात गर्भधारणा झाल्याचं प्रसिद्ध केलं. आज पुढारलेल्या देशांत बहुतेक दुधाळ जनावरं कांडीतूनच जन्मतात. म्हणजे कांडीतून झालेला वळू, त्याची कांडी, तिच्यातून झालेली कालवड, अशा पिढ्यांवर पिढ्या झाल्या आहेत. परदेशात तर प्रत्येक वळूच्या लेकींचं दूध, विताना झालेला त्रास, मेलेली वासरं, सगळं वहीत असतं. काही मोठी गडबड असती तर त्या वह्यांत सापडली असती.

आता जिथे खरंच बिघडतं ते सांगतो. पाव मिलीच्या कांडीत दोन कोटी शुक्राणू भरतात, वितळवल्यावर निम्मे तरी हलते असावे लागतात. प्रयोगशाळेतून माल चोख निघतो. तो गावात येता-येता मरतो. उन्हाळ्यात कंटेनरमधला नायट्रोजन भराभर उडतो आणि दांडी बुडवून पातळी बघायचा कंटाळा. कांडी शोधायला कॅनिस्टर (आतला कांड्यांचा डबा) कंटेनरच्या गळ्याच्या वर उचलून धरायचं, तोवर बाकीच्या कांड्या अर्धवट तापतात, पुन्हा आत सोडायच्या. वितळवायचं सदतीस अंशांच्या पाण्यात तीस सेकंद, तर हे काखेत धरून वितळवणार! मग गाय उलटली, म्हणजे पुन्हा माजावर आली, की दोष कांडीला. एक ध्यानात घ्या, यात गाय गाभण राहत नाही एवढंच. असल्या मेलेल्या कांडीतून रोगट वासरू झालेलं मी नोकरीभर पाहिलं नाही.

प्रयोगशाळेतली

काकांचा प्रतिसाद आवडला. मी मूळची अमरावतीची, पशुवैद्यक शिकले, नंतर भ्रूणशास्त्रात काम केलं. काकांच्या वह्यांच्या मुद्द्याला एक पुरवणी जोडायला हवी, पण ती शेवटी.

आधी एपिजेनेटिक्स म्हणजे काय ते. सातबारा डोळ्यांसमोर आणा. गट क्रमांक तोच, क्षेत्र तेच, पण 'इतर अधिकार'च्या रकान्यात बँकेचा बोजा चढला की व्यवहार अडतो, उतरला की मोकळा. डीएनएची अक्षरं म्हणजे गट आणि क्षेत्र, एपिजेनेटिक खुणा म्हणजे तो रकाना. कुठलं जनुक चालू, कुठलं बंद, हे त्यावरून ठरतं. या खुणा मुख्यतः तीन प्रकारच्या: डीएनएवर चिकटलेले मेथिल गट, डीएनए ज्यांवर गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांवरचे बदल, आणि सूक्ष्म आरएनए.

शुक्राणूचा मामला इतर पेशींपेक्षा वेगळा आहे. तो तयार होताना बहुतेक हिस्टोन काढून टाकले जातात आणि त्यांच्या जागी प्रोटामिन नावाची छोटी प्रथिनं येतात. त्यामुळे डीएनए इतका घट्ट आवळला जातो की त्यावर काही वाचलं जात नाही, लिहिलंही जात नाही. माणसात साधारण पाच ते पंधरा टक्के हिस्टोन मागे उरतात. अशी बंद गाठोडी उणे १९६ला ठेवली की रासायनिक क्रिया जवळपास थांबतात. म्हणजे साठवणुकीची वर्षं हा मुद्दा नाहीच. ऑस्ट्रेलियात १९६८ मध्ये गोठवलेलं मेंढ्याचं वीर्य पन्नास वर्षांनी वापरलं, तेव्हा ५६ पैकी ३४ मेंढ्या गाभण राहिल्या, ६१ टक्के. नव्याने गोठवलेल्या वीर्याचा आकडा ५९ होता. माणसातही इंग्लंडमध्ये १९७९ला केमोआधी ठेवलेल्या वीर्यातून २००२ मध्ये मूल झालं.

धोका असतो तो खाली जाताना आणि वर येताना. बर्फाचे स्फटिक, क्षारांचं प्रमाण एकदम बदलणं, पेशीचं आवरण फाटणं, ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू. निम्म्याच्या आसपास शुक्राणू हालचाल गमावतात, काहींच्या डीएनएचे तुकडे पडतात. यावर दुमत नाही. मूळ प्रश्न हा की जे वाचतात, त्यांच्या रकान्यातल्या नोंदी बदलतात का.

जर्मनीतल्या म्युन्स्टरच्या गटाने २०१२ मध्ये नेमकं हेच तपासलं. प्रत्येक पुरुषाचं वीर्य, अर्धं ताजं आणि अर्धं गोठवून, आणि नऊ जनुकांवरचं मेथिलेशन. फरक आढळला नाही. त्यात एच१९, मेस्टसारखी 'इम्प्रिंटेड' जनुकंही होती, म्हणजे आईकडची प्रत की बापाकडची यावर ज्यांचं चालू-बंद ठरतं ती. हे महत्त्वाचं आहे, कारण फलनानंतर काही तासांतच बापाकडच्या डीएनएवरच्या बहुतेक मेथिल खुणा बीजांड स्वतःच पुसून टाकतं. पुसण्यातून वाचतात त्या मुख्यतः या इम्प्रिंटेड जागा. त्या शाबूत असतील तर मोठी चिंता गेली.

आर्वीकर_मोठा

ताई, खूप आभार. पहिल्यांदाच कुणीतरी नीट सांगितलं. मग तो व्हिडिओवाला सरळ खोटं बोलतोय असं समजू का?

प्रयोगशाळेतली

अगदी खोटं नाही. अर्धं उचलून पूर्ण म्हणून विकतोय.

घोड्यांच्या वीर्यात काही रसायनं वापरून गोठवल्यावर मेथिलेशन वाढल्याचं दिसलंय. माशांच्या काही जातींत बदल सापडले, काहींत नाहीत. डुकरांच्या गोठवलेल्या शुक्राणूंत काही सूक्ष्म आरएनएंचं प्रमाण बदलतं. म्हणजे कुठला प्राणी, कुठलं रसायन, कुठली पद्धत, यावर उत्तर फिरतं. माणसाचं वीर्य बहुतेक ठिकाणी ग्लिसरॉल घालून गोठवतात. माणसात आरएनएवरचं काम मेथिलेशनएवढं झालेलं नाही. उंदरांत बापाच्या आहाराचा परिणाम याच सूक्ष्म आरएनएंतून पिल्लांच्या चयापचयापर्यंत पोचतो हे दिसलं असल्याने त्या वाटेकडे संशोधकांचं लक्ष आहे. पण शुक्राणूत बदल दिसणं एक आणि लेकराच्या तब्येतीत बदल दिसणं दुसरं. व्हिडिओवाले पहिल्यावरून थेट दुसऱ्यावर उडी मारतात, मध्ये बीजांड बसलेलं असतं ते विसरून.

लेकरांचं म्हणाल तर फ्रान्सच्या सेकोस या वीर्यबँकांच्या जाळ्याचा अहवाल १९९६चा आहे. गोठवलेल्या दात्याच्या वीर्यातून राहिलेल्या ११,५३५ गर्भधारणा. जन्मजात व्यंगांचं प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा जास्त नव्हतं.

आता काकांसाठी ती पुरवणी. रेत केंद्रावर ज्या वळूचं वीर्य गोठणं सोसत नाही, तो वळूच बाद करतात. म्हणजे आज कांडीतून आलेल्या पिढ्या या मुळात गोठवणं सोसणाऱ्या वळूंच्या आहेत. सेकोसचंही थोडंफार तसंच, दाते निवडलेले, निरोगी. केमोच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या पोराला असं निवडता येत नाही, जे आहे ते ठेवावं लागतं. शिवाय गाय म्हातारी होईपर्यंत तिचा रक्तदाब कुणी मोजत बसत नाही.

कांडी_सेवक

मान्य. वळू बाद होतात हे खरं आहे. चांगले उमदे वळू केवळ वीर्य गोठत नाही म्हणून गेलेले ऐकले आहेत. हा कोन माझ्या डोक्यात आला नव्हता.

विदर्भ_वाचक

वाचनखूण साठवली. अवांतर: सातबाऱ्याचं उदाहरण तलाठी साहेबांना दाखवतो.

मोर्शीची_सून

वाचत होते, लिहू की नको करत होते. आमची लेक अशीच झाली आहे. हे निमलष्करी दलात, पोस्टिंग दूर. उपचाराची तारीख आणि रजा यांचा मेळ कधी बसायचाच नाही, म्हणून एका सुटीत यांचं वीर्य गोठवून ठेवलं आणि नंतर आययूआय (वीर्य नळीने थेट गर्भाशयात सोडणं) केलं. मुलगी आता चौथीत आहे, वर्गात पहिल्या पाचात. सासूबाई सुरुवातीला तिला शिंक आली तरी "गारठ्याचीच आहे ना ती" म्हणायच्या. आता तीच त्यांची सगळ्यांत लाडकी. धाकटा नैसर्गिकरीत्या झाला, त्याच्या सर्दीने मात्र घर हैराण आहे.

एका पोरीवरून काही सिद्ध होत नाही हे मलाही कळतं. पण आर्वीकर दादा, तुमच्या भावाला सांगा की अशी लेकरं शाळेत जातात, भांडतात, आंबट बोरं खाऊन आजारी पडतात, चारचौघांसारखीच.

तालुक्याचा_डॉक्टर

धागाकर्ते, दोन प्रश्न. केमोच्या कागदावर कोणती औषधं लिहिली आहेत? आणि उपचार संपून किती काळ झाला?

आर्वीकर_मोठा

डॉक्टरसाहेब, कागदावर एबीव्हीडी लिहिलंय. संपून दोन वर्षं उलटून गेली.

तालुक्याचा_डॉक्टर

मग तुम्ही सगळे एक पायरी पुढे जाऊन वाद घालताय. एबीव्हीडी या चार औषधांच्या केमोनंतर बहुतेक पुरुषांचे शुक्राणू पुन्हा तयार होऊ लागतात. आधी भावाची साधी वीर्य तपासणी करा, दोन ते तीन दिवस संबंध टाळून. संख्या आणि हालचाल ठीक असेल तर लग्नानंतर गोठवलेल्या वीर्याला हात लावायची वेळच कदाचित येणार नाही. नसेल ठीक, तर ते आहेच. केमोनंतर मूल होऊ देण्याआधी साधारण एक ते दोन वर्षं थांबायला सांगतात, ती मुदतही तुमची झाली आहे.

आणि हे नीट समजून घ्या: शुक्राणूंना केमोच्या काळात आणि त्यानंतरच्या काही महिन्यांत जे सोसावं लागतं, ते गोठवण्यापेक्षा कितीतरी जास्त असतं. म्हणून तर आधी ठेवायला सांगतात.

प्रयोगशाळेतली

डॉक्टरांशी शंभर टक्के सहमत, हे मीच आधी विचारायला हवं होतं.

याला धरून एक अभ्यास आहे, डेन्मार्क आणि स्वीडनच्या राष्ट्रीय नोंदींवरचा, २०११चा. ज्या बापांना पूर्वी कर्करोग होऊन गेला त्यांच्या लेकरांत मोठ्या जन्मजात दोषांचं प्रमाण ३.७ टक्के, इतरांत ३.२. फरक आहे, पण लहान. आणि तो नैसर्गिक गर्भधारणा की प्रयोगशाळेच्या मदतीने, यावर अवलंबून नव्हता. म्हणजे जो काही थोडा भार आहे तो आजार-उपचाराशी जोडलेला दिसतो, तंत्राशी नाही. मात्र गोठवलेलं आणि ताजं असं वेगळं करून तो हिशेब मांडलेला नाही, हेही सांगून ठेवते.

पऱ्हाटीवाला

ताई, तुमचं पटलं बरंचसं. पन मंग ते टेस्ट ट्यूबच्या लेकरायले काही आजार व्हतेत म्हनतेत, थे काय? आमच्या साल्याच्या डॉक्टरनंच सांगतलं व्हतं त्याले.

प्रयोगशाळेतली

चांगला प्रश्न, कारण सगळा घोळ इथेच होतो. बेकविथ-वीडेमान नावाचा एक इम्प्रिंटिंगचा विकार आहे: बाळ मोठं, जीभ मोठी, काही गाठींचा धोका जास्त. तो आयव्हीएफच्या, म्हणजे टेस्ट ट्यूबच्या, बाळांत इतरांपेक्षा अधिक दिसतो. तरीही इतका विरळा की हजारो बाळांत एखादं. गाई-मेंढ्यांत याची जुळी बहीण आहे, प्रयोगशाळेत वाढवलेल्या भ्रूणांपासून होणारी अवाढव्य वासरं. ती का होतात हे शोधलं तेव्हा बोट भ्रूण ज्या द्रवात वाढवतात त्याकडे गेलं, विशेषतः त्यात घातलेल्या सीरमकडे (रक्तातला पातळ भाग). कांडी भरलेल्या गाईत भ्रूण तिच्या पोटातच वाढतो, तिथे हा प्रकार फार क्वचित. म्हणजे गोठवण्याचा गुन्हा नसताना ते आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं जातं.

दुसरं, ज्यांचे शुक्राणू मुळातच फार कमी असतात अशा काही पुरुषांच्या ताज्या वीर्यातही एच१९, मेस्टवरच्या खुणा चुकलेल्या सापडतात. तिथे दोष आधीपासूनचा. असे लोकच उपचाराला जास्त येतात, मग तंत्र बदनाम होतं.

माझं स्वतःचं लक्ष कुठे जाईल ते सांगते. आययूआयमध्ये शुक्राणूंना पोहून जावं लागतं, वाटेत दुबळे गळतात. इक्सीमध्ये सुईने एक शुक्राणू उचलून बीजांडात सोडतात. ती गाळणी तिथे नसते. गोठवून तुकडे पडलेला डीएनए असलेला एखादा तिथून आत जाऊ शकतो. बीजांड काही तुकडे जोडतं, आणि बाईचं वय कमी असेल तर ते काम चांगलं होतं. म्हणून भावाच्या बाबतीत 'गोठवलेलं की ताजं' याच्याइतकाच 'कुठली पद्धत' हा प्रश्न विचारा. वितळवल्यावर पुरेसे हलते शुक्राणू निघाले तर आधी आययूआय जमेल का हे डॉक्टरांना विचारायला लाजू नका. पण साठा थोडा असेल तर तो आययूआयमध्ये संपवणं शहाणपणाचं नाही, तिथे इक्सीच योग्य. हा हिशेब तिथल्या भ्रूणतज्ज्ञासोबत बसूनच करायचा.

(संपादक: इथले दोन प्रतिसाद उडवले आहेत. कर्मफळ, कलियुग आणि जातीची शुद्धता यांवर चर्चा करायची असेल तर हा धागा ती जागा नाही.)

आशाताई_गडचिरोली

संपादकांचे आभार. मी आरोग्याच्या कामात आहे, आमच्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार घरोघरी. थोडं विषयाच्या कडेने, पण सांगणं गरजेचं वाटतं.

सिकलसेलच्या रुग्णांना हायड्रॉक्सीयुरिया देतात. गोळी चांगली आहे, वेदनांचे झटके कमी होतात, कुणीही स्वतःच्या मनाने बंद करू नये. पण तिने शुक्राणूंची संख्या घटते. तरुण पोरगा गोळी सुरू करणार असेल तर वीर्य ठेवायचं का याची चर्चा आधी व्हायला हवी, आणि खेड्यात ती होत नाही. कॅन्सरवाल्याला निदान विचारतात.

दुसरं म्हणजे आर्वीकर भाऊ, तुमच्या भावाची आणि होणाऱ्या सुनेची सिकलसेल तपासणी झाली का? दोघंही वाहक निघाले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार असण्याची शक्यता पंचवीस टक्के. गोठवल्याने हे जनुक ना लागतं ना जातं. ज्याची टक्केवारी पक्की माहीत आहे ते तपासायचं सोडून आपण बर्फाला घाबरतो.

पऱ्हाटीवाला

आशाताई, हे बाकी खरं. कुंडली पाहतेत, रक्त नाई पाहत.

ताई, एक आखरीचं. आमी कपाशीले फवारा मारतो. २०१७ ले यवतमायात काय झालं थे सगळ्याइले मालूम हाये, वीसाच्यावर मानसं गेली. थ्या औषधाचं अन् खर्ऱ्याचं काय व्हते बीजावर? फ्रीजरच्या नावानं बोंबा मारतो आपन, पन हे तं रोजचंच हाये.

प्रयोगशाळेतली

या धाग्यावरचा सगळ्यांत चांगला प्रश्न तुम्हीच विचारलात.

डीबीसीपी नावाचं सूत्रकृमिनाशक होतं. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कारखान्यात ते बनवणाऱ्या कामगारांना मुलं होत नाहीत म्हणून तपासलं, तर अनेकांच्या वीर्यात शुक्राणूच नव्हते. म्हणजे शेतीचं रसायन पुरुषाच्या बीजापर्यंत पोचतं, ही जुनी आणि पक्की गोष्ट. तंबाखू चघळणाऱ्यांच्या वीर्याची प्रत घसरते हे भारतातल्या पुरुषांवरच्या अभ्यासातही दिसलंय, आणि खर्ऱ्यात तंबाखूसोबत सुपारी-चुनाही आला. त्यात उन्हाळ्यात तापलेल्या ट्रॅक्टरच्या सीटवर दिवस-दिवस बसणं. अंडकोष शरीरापेक्षा दोन-तीन अंश थंड राहायला हवा, म्हणून तर तो बाहेर आहे.

बरी बाजू ही की नवा शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. म्हणजे मूल हवं असेल तर तीनेक महिने आधी खर्रा सोडला, फवारणी दुसऱ्याकडे दिली (आणि त्यालाही मास्क-हातमोजे दिले!) तर पुढची फळी बऱ्यापैकी स्वच्छ मिळते. गोठवलेल्यात ही सोय नाही, ठेवलं त्या दिवशी जसं होतं तसंच ते राहतं.

आर्वीकर_मोठा

भावाला पूर्ण धागा वाचायला दिला. खर्ऱ्याचं वाचून गप्प बसला, कारण तो खातो. केमोनंतर सोडला होता, पुन्हा लागलाय. पुढच्या आठवड्यात वीर्य तपासणी आणि सिकलसेल दोन्ही करतोय.

आता दुसरा पेच. एक स्थळ जवळपास नक्की आहे. बाबा म्हणतात लग्नाआधी काही सांगायचं नाही, आजार बरा झाला, विषय संपला. माझं मन मानत नाही.

मोर्शीची_सून

दादा, सांगा. आणि मुलीच्या बापाला नाही, मुलीला सांगा. तुमच्या मावशीला माहीत आहे म्हणजे वरातीच्या दिवशी कुणीतरी तिच्या कानात घालणारच.

कांडी_सेवक

मी बाबांच्या बाजूने थोडं बोलतो. खेड्यात एकदा "कॅन्सरवाला" शिक्का बसला की पुसत नाही, त्यांची भीती पोकळ नाही. पण ही गोष्ट लपवून चालणारीही नाही, कारण उद्या उपचार घ्यायचे झाले तर सही तिचीही लागणार आहे. दोघांना एकांतात बसवा आणि पोराला स्वतः बोलू द्या. तपासणीचा अहवाल हातात आला की मगच.

वकीलसाहेब_यवतमाळ

सहीचा मुद्दा बरोबर. २०२१चा सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायदा लागू झाल्यापासून वीर्यबँक आणि उपचार केंद्र दोन्हींची नोंदणी सक्तीची आहे आणि लेखी संमतीशिवाय उपचार करता येत नाहीत. धागाकर्त्याने वीर्य कायद्याच्या आधी ठेवलं असो वा नंतर, आज ती बँक नोंदणीकृत आहे का हे आधी पाहावं. दात्याचं बीज किंवा भ्रूण दहा वर्षांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. स्वतःसाठी ठेवलेल्याबाबत मुदत, नूतनीकरणाचं शुल्क आणि पैसे थकले तर काय होणार, हे करारात नीट वाचा. पत्ता बदलला असेल तर कळवा. शुल्काची नोटीस जुन्या पत्त्यावर जाते आणि लोकांना कळत नाही. व्यवसायात ही भांडणं पाहतो.

कांडी_सेवक

आणि जाल तेव्हा टाकी बघायला मागा. नायट्रोजनची पातळी रोज लिहितात का, धोक्याची घंटा आहे का, एचआयव्ही-कावीळ पॉझिटिव्ह नमुने वेगळ्या टाकीत ठेवतात का. वितळवून पाहिलेल्या चाचणी नमुन्यात किती टक्के हलते निघाले तो आकडा लेखी घ्या. आम्ही बैलाच्या कांडीचं बघतो, तुम्ही माणसाचं बघायला काय हरकत आहे?

आर्वीकर_मोठा

काका, वकीलसाहेब, लिहून घेतलं. शुल्काची पावती शोधली तर गेल्या वर्षीची सापडतच नाही. उद्या सकाळी फोन करतो.

नवा_गोपालक

नमस्कार, उशिरा आलो. सगळा धागा वाचला नाही. ती कालवडच होते अशी कांडी मिळते म्हणतात, ती खरी का? आणि माणसात पण तसं करता येतं का?

कांडी_सेवक

कांडी खरी. दहात नऊ वेळा कालवड. पहिलारू कालवडीला, माज नीट ओळखून भरा, जुन्या गाईवर पैसे वाया घालवू नका. माणसाचं विचारलंत तर १९९४चा गर्भलिंग कायदा आहे, तुरुंगात जायचं नसेल तर तो प्रश्न पुन्हा कुठे विचारू नका. बाकीचं गोठ्याचं विचारायचं असेल तर वेगळा धागा काढा, येतो तिथे.